आधी भिंतीला हात

मुलांनो,

मागच्या रविवारी फोनवर धाकट्याने सांगितलं, की तो तिकडे इमारती तपासणाऱ्या निरीक्षकाचं शिक्षण घेणार आहे. त्यावर तुमचा बाबा तिकडच्या थंडीबद्दल विचारू लागला. लोकांच्या भिंती तपासत फिरण्यासाठी का तुला एवढं शिकवलं, असं त्याला म्हणायचं होतं. तो ते बोलला नाही, पण मी त्याची आई आहे. मला ऐकू आलं.

हे शिक्षण घे किंवा घेऊ नको, यातलं काहीच मी सांगणार नाही. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, मला त्यातलं काय कळतं? पण असं काम करणाऱ्या एका माणसाला मी जवळून ओळखत होते. तो आपल्याच घरात, वरच्या मजल्यावर राहत असे. तुम्हालाही तो अंधुक आठवत असेल. सुट्टीत तुम्ही रत्नागिरीला यायचात तेव्हा जिन्यात भेटला, की इतरांसारखं गालाला हात न लावता तुम्हाला म्हणायचा, "उडी मारा बघू. जोरात." तुम्ही उड्या मारायचात आणि तो तुमच्याकडे न बघता जिन्याच्या पायरीकडे बघायचा.

सगळं क्रमाने सांगायची मला सवय आहे, पण हा माणूस मला क्रमाने आठवत नाही. जसा आठवेल तसा लिहिते.

ते नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात निरीक्षक होते. लग्न केलं नव्हतं. आपल्या घरात त्यांचं नाव 'वरचे' असंच पडलं होतं. "वरचे आले का?" "वरच्यांना खरवस देऊन ये." बाजारात मात्र त्यांना टकटकसाहेब म्हणत, कारण खिशात एक छोटी हातोडी असे आणि ती कुठल्याही खांबावर वाजवल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नसे. एकदा मासळी बाजारात शेडच्या खांबावर टकटक करताना पाहून एक कोळीण ओरडली होती, "साहेबानू, पापलेट पन वाजवून घेतलाव तर बरा!" सगळा बाजार हसला. ते हसले नाहीत. शेवटच्या खांबापर्यंत गेले, मग परत येऊन तिच्याकडून पापलेट घेतलं.

खोली बघायला पहिल्यांदा आले तो दिवस मला नीट आठवतो. तुमच्या आजोबांनी "या, बसा" म्हटलं, तरी ते बसले नाहीत. आधी भिंतीजवळ गेले, तळवा भिंतीवर सपाट ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले. देवळात लोक उभे राहतात तसे. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आजोबांकडे. मग डोळे उघडून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"पाऊस कुठल्या बाजूने मारतो?"

"समुद्राकडून," आजोबा म्हणाले. "मांडवीत आणखी कुठून मारणार?"

"तर मग पलंग आतल्या भिंतीला लावतो. त्या भिंतीला आधीच खूप काम आहे."

ते गेल्यावर आजोबा म्हणाले, "भाडेकरू मिळाला की भिंतीला नातेवाईक मिळाला?" पण खोली त्यांनाच दिली.

कुणाच्याही घरी गेले तरी त्यांचं असंच असे. आधी भिंतीला हात, मग माणसांना नमस्कार. काही लोकांना तो अपमान वाटे. लग्नाकार्यात तर त्यांना बोलावणं म्हणजे संकटच. सगळे नवरानवरीवर अक्षता टाकत असताना ते मान वर करून सज्ज्याकडे बघत उभे, वर किती बायका रेलून उभ्या आहेत त्याचा अंदाज घेत. एकदा माझ्या मैत्रिणीने विचारलं, "साहेब, नवरी कशी वाटली?" ते म्हणाले, "कुठली नवरी?"

शेजारच्या प्लॉटवर इमारत उठत होती तेव्हाची गोष्ट. वाळूचा ट्रक रिकामा झाला होता. मी कपडे वाळत घालत होते, म्हणून मला कुंपणापलीकडचं सगळं दिसत होतं. वरच्यांनी ढिगाऱ्यातून चिमूटभर वाळू उचलली, जिभेवर ठेवली आणि थोडा वेळ तशीच ठेवून थुंकली. कंत्राटदार आपल्या माणसांकडे बघून डोळे मिचकावत म्हणाला, "काय साहेब, मीठ बरोबर पडलंय ना?"

"तुमच्या घरच्या आमटीला चालेल," हे म्हणाले. "स्लॅबला नाही चालणार. उचला."

समुद्राची वाळू होती ती. तिच्यातलं मीठ आतल्या लोखंडाला खातं आणि ते बाहेरून कित्येक वर्षं कळत नाही, हे मला त्या संध्याकाळी त्यांनी जिन्यात उभं राहून समजावलं. मी विचारलं, "पण तोंडात घालायची काय गरज? तपासायची दुसरी रीत असेल ना?"

"आहे, बाई. ती पण करतो. पण कागदावर लिहून आलेलं त्यांना खोटं वाटतं. मी थुंकलेलं खोटं वाटत नाही."

ते प्रेमळ होते असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. त्यांच्या घराला रस्त्यावर आलेला एक जुना सज्जा होता. संध्याकाळी त्यावर खुर्ची टाकून ते चहा पीत आणि तिथून त्यांना समुद्राचा एक तुकडा दिसे. तेवढाच दिसे, पण त्यांना पुरे. वरच्यांनी तो सज्जा पाडायला लावला. खालून शाळेची मुलं जातात, म्हणाले. पोस्टमास्तर म्हणाले, "माझ्या बापाच्या वेळेपासून उभा आहे, कधी वाळूचा कण पडला नाही." खरं होतं ते. तरी सज्जा पाडला. त्यानंतर म्हातारे पायरीवर बसून चहा पीत. तिथून समोरच्या घराचं कुंपण दिसे. वरचे रोज संध्याकाळी त्याच रस्त्याने परत येत, पोस्टमास्तरांसमोर थांबून "नमस्कार" म्हणत आणि पोस्टमास्तर रोज तोंड फिरवत. दुसरा रस्ता होता. मी एकदा म्हटलंसुद्धा, "मागच्या बोळाने का येत नाही?"

"मी तोडलाय सज्जा," ते म्हणाले. "मग मला ते रोज दिसायला हवेत आणि मी त्यांना."

हे मला तेव्हा हट्टीपणाचं वाटलं. आजही थोडं वाटतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

तुम्ही दोघं कधी गणपतीत इथे आला नाहीत, म्हणून जरा आधीपासून सांगते. आपल्याकडे गावातली निम्मी घरं वर्षभर बंद असतात किंवा घरात दोन म्हातारी माणसं असतात. गणपतीत सगळे मुंबईहून येतात. ज्या घरात दोन जोडी पाय फिरत असतात, त्यात एकदम चाळीस जोड्या येतात. आणि जाखडी येते. पायात चाळ बांधलेले पुरुष मृदंगाच्या तालावर गोल धरून नाचतात, सगळ्यांचा पाय एकाच वेळी जमिनीवर पडतो. घरोघरी ही मंडळी नाचत जातात. पूर्वी नाच खळ्यात होई, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात. आता लोकांनी कौलं काढून वर स्लॅबची माडी चढवली, गणपती वर नेला आणि नाचही त्याच्यामागून वर गेला.

"बसलेल्या वजनाचं काही नाही, बाई," वरचे म्हणत. "भातानं खोली भरून ठेवा, भिंत ऐकून घेते. तेच वजन एका तालात उड्या मारायला लागलं की बघा."

म्हणून दर श्रावणात कचेरी सुटल्यावर हा माणूस स्कूटर घेऊन ओळखीपाळखीच्या माडीच्या घरी जाई. हे काही त्यांचं सरकारी काम नव्हतं. आधी भिंतीला हात. मग चपला काढायच्या, पँट दुमडायची, एक तळवा भिंतीवर ठेवायचा आणि गंभीर तोंडाने एकट्यानेच जाखडीचा पाय टाकायचा. लहानपणी ते आपल्या वाडीच्या जाखडीच्या मेळात नाचत, त्यामुळे पाय अगदी अस्सल पडे. मृदंग नाही, गाणं नाही, अंगावर कचेरीचा शर्ट, खिशात पेन आणि खाली पाय चाललेत. घरातल्या बायका पदर तोंडात धरून हसू दाबत. आपल्या गल्लीतल्या एका आजीबाईंनी तर म्हटलं होतं, "नाचा हो, नाचा. पण आमच्या म्हशीला कळवून ठेवा, ती बिचकंल."

नाचून झालं, की कुठे "चालेल" म्हणत, कुठे "यंदा नाच खाली ठेवा." बरेचजण ऐकत नसत. ते पुढच्या श्रावणात पुन्हा जात.

त्यांचं स्वतःचं घर पालीच्या अलीकडे एका वाडीत होतं. आईवडील गेलेले, थोरले भाऊ मुंबईत एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले आणि घरी परतले. आल्या आल्या त्यांनी माडी बांधायला काढली. हे त्यांचं आयुष्यभराचं स्वप्न होतं. वडील भर पावसात खळ्यात नाचत, चिखलात पाय घसरून एकदा पडले आणि तेव्हापासून लंगडले. वाडीची मंडळी कोरड्या जागी, देवासमोर नाचली पाहिजेत, असं भावाच्या मनात लहानपणापासून बसलेलं.

घराच्या भिंती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या होत्या, मातीत बसवलेल्या. ते चिरे वडिलांनी स्वतः खाणीत काढलेले. वरच्यांचं म्हणणं, या भिंतींवर माडी नको. जमिनीतून नवे कॉलम उभे करा आणि माडी त्यांच्यावर ठेवा. भावाने ऐकलं नाही. त्या वर्षी त्यांनी मला आणि तुमच्या आजोबांनाही गणपतीला बोलावलं होतं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

माडी सुंदर झाली होती. गुळगुळीत लादी, पिवळा रंग, रंगीत कागदाच्या पताका. वरचे आमच्याबरोबरच पोचले. त्यांनी वर जाऊन भिंतीला हात लावला. मग भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात त्या कोपऱ्यात वाकून बराच वेळ बघत राहिले. खाली येऊन भावाला पडवीत गाठलं. आम्ही तिथेच चहा घेत होतो.

"दादा, आरती वर करा. बसा, जेवा, काय हवं ते करा. नाच खाली खळ्यात ठेव."

"झाला तुजा सुरू?" भाऊ हसत म्हणाले. "घरात पण नोटीस लावणार काय?"

"त्या कोपऱ्यात भिंतीने अंग सोडलंय, तडा गेलाय."

"नवीन घर जरा बसतंच."

"घर नवीन नाही. वरचं नवीन आहे."

भावाचं हसू गेलं. "त्या भिंती कोणी बांधल्या, माहीत हाय ना?"

"माहीत आहे."

"बापाचा हात लागलाय चिऱ्या-चिऱ्याला. त्याच्यावर तुजा इश्वास नाय?"

"बाबांनी कौलांसाठी बांधल्या, दादा. नाचण्यासाठी नाही बांधल्या. त्यांनाच विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं."

"बापाच्या वतीनं तू नको बोलू," भाऊ म्हणाले आणि उठून गेले.

संध्याकाळी मृदंगाचा आवाज वाडीत फिरत फिरत जवळ आला. बाहेर पाऊस होता. मेळाची मंडळी पडवीत आली, पाय पुसले, चाळ बांधले आणि हसत-बोलत जिना चढू लागली. आम्हीही वर गेलो. वर पोचलेला पहिला माणूस दारातच थांबला, म्हणून मागचे सगळे जिन्यातच अडकले. गणपतीसमोर, मोकळ्या जागेच्या अगदी मधोमध, वरचे मांडी घालून बसले होते.

"काका, जरा बाजूला," कोणीतरी म्हणालं.

ते हलले नाहीत. भाऊ गर्दीतून पुढे आले.

"ऊठ."

"नाही, दादा."

"ऊठ म्हणतो ना. पावण्यांसमोर शोभा करतोस?"

"मला मार हवं तर. मी उठणार नाही."

भावाचा हात खरंच उचलला गेला होता. वहिनी मध्ये आल्या. त्या दिराला म्हणाल्या, "भावोजी, वर्षाचा सण हाय. त्यांनी ह्या दिवसासाठी जन्म घातला. उठा ना." यावर वरच्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते उठले नाहीत. दोन्ही तळवे त्यांनी लादीवर टेकवले होते. जणू जमीन धरून ठेवली होती.

शेवटी मेळाचे म्हातारे बुवा, जे गाणं म्हणत, ते जिन्यातून म्हणाले, "चला रे, खाली चला. खळ्यात नाचू. पाऊस काय आज नवीन बघताव?" चाळांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. मंडळी चिखलात नाचली आणि मन लावून नाचली. आम्ही पडवीतून पाहिलं. भाऊ खाली आले नाहीत. मी पडवीबाहेर डोकावून वर पाहिलं, तर माडीच्या खिडकीत पाठ करून उभे होते.

निघताना भाऊ दारात आले. माझ्याशी, आजोबांशी नीट बोलले, प्रसाद दिला. मग धाकट्या भावाकडे न बघता म्हणाले, "पुढच्या वर्षापास्नं तू नको येऊ."

कोकणातल्या माणसाला हे सांगणं म्हणजे काय, ते तुम्हाला तिकडे बसून कसं कळणार? आपल्याकडे माणूस कर्ज काढून, नोकरीवर लाथ मारून गणपतीला घरी जातो. भांडण असलं तरी जातो, एका पंगतीला बसतो, न बोलता जेवतो. गणपतीला येऊ नको, हे कोणी कोणाला म्हणत नाही.

परतताना गाडीत आजोबांनी विचारलं, "खरंच पडली असती का हो?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "कदाचित नसती पडली."

"मग?"

"कदाचित पडली असती."

त्यानंतर ते कधी गेले नाहीत. पहिल्या वर्षी निरोप येईल म्हणून पिशवी भरून ठेवली होती. ती मीच दारामागे पाहिली. निरोप आला नाही. मी त्यांना आपल्या गणपतीला खाली बोलावत असे. ते येत, भिंतीला हात लावत, आरतीला मागे उभे राहत आणि प्रसाद घेऊन वर जात. मग गावाकडे ज्या वेळी मेळ त्यांच्या खळ्यात पोचत असेल, त्या वेळी आम्हाला छतावर पाय ऐकू येत. एकाच माणसाचे. अगदी तालात, अगदी अस्सल. आम्ही दोघं टीव्हीचा आवाज बंद करून बसत असू. आजोबा वर बघत म्हणत, "आपलं घर चांगलं आहे."

निवृत्त झाल्यावरही ते वरच राहिले. गेले ते एका सकाळी, झोपेतच. भावाला फोन मी केला. ते म्हणाले, "घेऊन येतो त्याला." अंत्यविधी गावाला झाला.

दिवस झाल्यावर भाऊ सामान न्यायला आले. खूप थकलेले दिसत होते. मी चहा ठेवला. तोपर्यंत आजोबाही गेले होते, घरात मी एकटीच. कप हातात धरून ते म्हणाले, "बाई, माडी अजून उभी हाय."

"हो का."

"कोपऱ्यात होता तेवढाच तडा हाय. वाढला नाय." मग रागाने नव्हे, विचारल्यासारखं म्हणाले, "मग तो कशाला बसला व्हता?"

मी विचारलं, "त्यानंतर माडीवर कधी नाच झाला?"

त्यांनी मान हलवली. "नाय झाला. दुसऱ्या वर्षी मंडळी आली, वर चढली. आणि मलाच... तो बसला व्हता तिथं कोणी पाय ठेवावा असं वाटंना. मीच म्हटलं, खाली नाचा." चहा गार होत होता. "गणपती आता माजघरात असतो. आधी असायचा तिथंच."

माडी उभी आहे, म्हणजे भाऊ बरोबर होते. किंवा तिच्यावर कोणी नाचलं नाही, म्हणून ती उभी आहे आणि वरचे बरोबर होते. यातलं कुठलं खरं, ते सांगणारं कोणी नाही. धाकट्या, तू जे काम करायला निघाला आहेस, त्यात हे असं असतं. कोणी तुझ्याकडे येऊन सांगणार नाही, की तू होतास म्हणून आम्ही जिवंत आहोत. तू तोडलेला सज्जा मात्र सगळ्यांना आठवेल.

"गणपतीत इथं काय करायचा?" भावाने विचारलं.

मी सांगितलं. आरती, प्रसाद, आणि वर जाऊन एकट्यानेच टाकलेला जाखडीचा पाय.

ते कप खाली ठेवून सामान बघायला वर गेले. मी कप विसळायला घेतले. वर कपाट उघडल्याचा आवाज आला, पेटी सरकवल्याचा आला. मग काहीच नाही. मला वाटलं, बसले असतील पलंगावर.

मग छतावर पाय वाजला. एकदा. थोड्या वेळाने दुसरा. म्हाताऱ्या माणसाचा जड पाय, ताल चुकलेला, पण जाखडीचाच. थांबला, पुन्हा सुरू झाला, हळूहळू जमू लागला.

मी नळ बंद केला आणि ओला हात पुसून भिंतीवर ठेवला.